एक एरर, तीन वाचक: ओपन सोर्स वेब सॉफ्टवेअरमध्ये त्रुटींची नोंद सुधारण्याची पद्धत

ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये एरर संदेश लिहिणारा आणि तो वाचणारा यांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. कोडची ओळ लिहिली जाते कुठे तरी दूर, ती गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावरून) उचलून सर्व्हरवर बसवतो कोल्हापुरातला एखादा डेव्हलपर, आणि ती प्रत्यक्ष पडद्यावर पाहतात करवीर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेचे सचिव, तेही भल्या सकाळी, किटल्या घेऊन सभासद रांगेत उभे असताना. मग राजारामपुरीत त्या डेव्हलपरचा फोन वाजतो: “ओ साहेब, बिलाचं पान उघडंना झालंय, तांबड्या अक्षरात इंग्रजी काय तरी आलंय बघा.” त्या एका ओळीकडून तिघांच्या तीन वेगळ्या अपेक्षा असतात. सचिवांना कळायला हवे असते की नुकतीच भरलेली नोंद जतन झाली की गेली, आणि आता काय करायचे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळायला हवे असते की बिघाड एकाच संस्थेपुरता आहे की सगळीकडे, आणि तो कधीपासून आहे. मूळ कोड दुरुस्त करणाऱ्याला फाईल, ओळ, त्या क्षणी आलेले मूल्य आणि मुळाशी असलेले कारण लागते. बहुतेक प्रकल्पांत या तिघांना मिळून एकच संदेश दिलेला असतो आणि तो लिहिणाऱ्याने स्वतःपुरता लिहिलेला असतो. हा एक संदेश तिघांत नीट वाटून कसा द्यावा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

विवेचनासाठी दूध संकलनाचे एक काल्पनिक ओपन सोर्स पॅकेज डोळ्यांसमोर ठेवले आहे: सर्व्हरवर पीएचपी, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक), आणि दर दहा दिवसांनी बिल. पायथनमध्ये काम करणाऱ्यांसाठी जागोजागी उल्लेख केले आहेत. गुळाच्या अडतीचे किंवा उद्यमनगरातल्या फाउंड्रीचे सॉफ्टवेअर असले तरी पायऱ्या त्याच राहतात, रकान्यांची नावे तेवढी बदलतात.

## पहिली पायरी: दडलेले आधी उघडे करा

सुधारणेची सुरुवात नवा संदेश लिहून करू नये. सॉफ्टवेअर सध्या काय काय दडवते आहे, ते आधी पाहावे. आपल्या संगणकावर प्रकल्पाची प्रत उतरवून घ्यावी आणि पीएचपीच्या सेटिंगमध्ये एरर रिपोर्टिंगची पातळी ‘ई_ऑल’ ठेवावी, म्हणजे नोटीस, वॉर्निंग, डेप्रिकेशन (पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या सोयीचा इशारा) असे सगळे दिसू लागते. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या पीएचपी ८.०पासून हीच मूळ पातळी आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत नोटीस मूळ सेटिंगमध्ये गाळल्या जात, त्यामुळे जुना कोड स्वच्छ चालतो असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत आले. ८.० आवृत्तीतच मूल्य न दिलेले व्हेरिएबल वापरणे आणि ॲरेत नसलेली की मागणे या दोन्ही गोष्टी नोटीसवरून वॉर्निंगवर चढल्या, आणि डेटाबेसची चूक झाल्यावर पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारे साधन) मुकाट्याने ‘फॉल्स’ देण्याऐवजी एक्सेप्शन (चूक घडताच काम थांबवून वर कळवणारा इशारा) फेकू लागले. मायएसक्यूएलआय या तशाच दुसऱ्या साधनात हाच बदल २०२१च्या ८.१ आवृत्तीत आला. होस्टिंगवाल्याने पीएचपी वर नेल्यावर ‘अचानक एरर वाढल्या’ अशी जी तक्रार येते, तिच्यातल्या बऱ्याच एरर जुन्याच असतात. त्या नुसत्या दिसू लागलेल्या असतात.

यानंतर सबंध कोडमध्ये काही ठरावीक जागा शोधाव्यात. फंक्शनच्या नावापुढे लावलेले @ हे चिन्ह, ज्याच्या कंसात काहीच लिहिलेले नाही असा ‘कॅच’ (एक्सेप्शन पकडणारा भाग), अधेमधे टाकलेले, प्रोग्राम तिथेच थांबवणारे ‘डाय’, कारण न सांगता परत केलेले ‘फॉल्स’ किंवा ‘नल’, आणि ‘समथिंग वेंट राँग’ या अर्थाचे कोणतेही वाक्य. @ हे चिन्ह ८.०पासून फेटल एरर दडवू शकत नाही, पण वॉर्निंग अजूनही गिळते. पायथनमध्ये नाव न देता लिहिलेले ‘एक्सेप्ट’ आणि त्याखालचे ‘पास’ ही जोडी शोधावी. सापडलेली प्रत्येक जागा एका साध्या तक्त्यात उतरवावी: फाईल, ओळ, तिथे काय चुकू शकते, आणि ते चुकले तर आज तिघांपैकी कोणाला काय दिसते. शेवटचा रकाना भरताना ‘कोणालाच काही नाही’ असे ज्या ओळींपुढे लिहावे लागेल, त्या ओळींपासून दुरुस्तीला हात घालावा.

## दुसरी पायरी: गप्प बसणारा कोड

वाईट संदेश देणाऱ्या कोडपेक्षा काहीच न बोलणारा कोड जास्त नुकसान करतो, आणि मराठीत डेटा भरणाऱ्यांच्या वाट्याला तो अधिक येतो. एक उदाहरण जवळून पाहू. सचिवांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू आहे आणि फॅटच्या रकान्यात त्यांनी देवनागरी आकड्यांत ३.५ भरले. रकाना साध्या मजकुराचा आहे. सर्व्हरवर तपासणीसाठी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा सांगणारे सूत्र) लिहिलेले आहे आणि मराठी नावे चालावीत म्हणून त्याला ‘यू’ हा मॉडिफायर लावलेला आहे. पीएचपीत हा मॉडिफायर लावला की ‘कोणताही अंक’ या खुणेत देवनागरी अंकही बसतात, म्हणजे तपासणीत ही नोंद पास होते. पुढच्या ओळीत तिचे दशांश संख्येत रूपांतर होते, आणि पीएचपीचे रूपांतर केवळ इंग्रजी अंक ओळखत असल्यामुळे हातात शून्य येते. ना वॉर्निंग, ना एक्सेप्शन. शून्य फॅटची नोंद डेटाबेसमध्ये जाते आणि चूक समजते ती दहा दिवसांनी, सभासद बिल हातात घेऊन भांडायला आल्यावर.

जावास्क्रिप्टमध्ये हाच मजकूर संख्येत बदलायला गेल्यास ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) मिळते, आणि ते पुढे प्रत्येक बेरजेत मिसळत जाऊन शेवटी बिलाच्या रकमेच्या जागी छापले जाते. पायथनचे ‘फ्लोट’ मात्र देवनागरी अंक नीट वाचते आणि ३.५ हेच मूल्य देते. तीन भाषा, तीन वागणुकी. म्हणून ‘माझ्याकडे तर चालते’ हे उत्तर इथे कामाचे नाही.

यावर दोन थरांत उपाय करावा. पहिला थर म्हणजे इनपुट आत घेतानाच देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करणे, कारण वापरणाऱ्याने काही चूक केलेलीच नाही आणि त्याला एरर दाखवण्याचे कारण नाही. दुसरा थर म्हणजे रूपांतरानंतर ‘इज_न्यूमेरिक’सारखी तपासणी करून, मूल्य संख्या नसेल तर तिथेच एक्सेप्शन फेकणे, आणि त्यापाठोपाठ मूल्य शक्यतेच्या मर्यादेत आहे का तेही पाहणे. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणाभोवती ठरतो. शून्य फॅट किंवा ३५ फॅट हे दूधच नव्हे, हे कोडला माहीत असायला हरकत नाही. ही मर्यादा कोडमध्ये पक्की न लिहिता सेटिंगमध्ये ठेवावी, म्हणजे म्हशीच्या दुधाला वेगळी देता येते.

लांबीच्या तपासणीतही असाच घोळ होतो. ‘कोल्हापूर’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशोबाने त्यात ९ वर्णखुणा आहेत, आणि यूटीएफ-८मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागत असल्याने पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ २७ हा आकडा देते. ‘गावाचे नाव २० अक्षरांपेक्षा जास्त नको’ असा संदेश ‘कोल्हापूर’ लिहिणाऱ्याला दिसला, तर संदेश खोटा आहे. इथे संदेशाची भाषा सुधारून उपयोग नाही. मोजणी ‘एमबी_स्ट्रलेन’ने करून आधी नियमच दुरुस्त करावा लागतो.

## तिसरी पायरी: संदेशाची घडण

आता प्रत्यक्ष संदेश. सध्या कोडमध्ये ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढेच आहे असे समजा. सचिवांसाठीचा संदेश असा हवा: “सभासद क्र. ११७, सकाळ: फॅटच्या रकान्यात ‘३.५.’ असे आले आहे. येथे ३.५ यासारखी एकच संख्या हवी. ही नोंद जतन झालेली नाही. संख्या दुरुस्त करून पुन्हा ‘जतन करा’ दाबा.” यात कुठे चुकले, काय मिळाले, काय अपेक्षित होते, डेटाची सद्यःस्थिती काय आणि पुढे काय करायचे, एवढे सगळे आले आहे. त्यातले डेटाच्या स्थितीचे वाक्य बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नसते, आणि सचिव नेमके तेच विचारण्यासाठी फोन करत असतात. एकाच सभासदाची नोंद दोनदा होणे किंवा मुळीच न होणे, हे दोन्ही प्रकार पुष्कळदा या एका वाक्याच्या अभावी घडतात.

मिळालेले मूल्य संदेशात जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत दाखवावे. शेवटचा जादा ठिपका, पुढची रिकामी जागा किंवा मराठी मजकुरात चिकटून आलेले अदृश्य जोडचिन्ह अवतरणाशिवाय नजरेस पडत नाही. वापरणाऱ्याने भरलेले मूल्य पानावर छापताना ते एचटीएमएलसाठी एस्केप करणे (त्यातली विशेष चिन्हे निरुपद्रवी करणे) मात्र विसरू नये. एररच्या पानातूनच परका स्क्रिप्ट चालवता येण्याची वाट त्यामुळे बंद राहते.

संदेशात कोडच्या पोटातली नावे आणू नयेत. याचा सर्वांत गाजलेला दाखला पीएचपीचाच आहे: दुहेरी कोलन चुकीच्या जागी पडले की वर्षानुवर्षे ‘टी_पामायिम_नेकुदोतायिम’ या हिब्रू नावाची एरर येत असे, आणि नवशिके ते नाव इंटरनेटवर शोधत बसत. पीएचपीचे इंजिन लिहिणारे दोघेही इस्रायलचे असल्याने अंतर्गत खुणेला ते नाव पडले होते. ८.० आवृत्तीपासून संदेशात सरळ ते चिन्हच छापले जाते. पायथनने २०२१च्या ३.१० आवृत्तीत हीच दिशा धरली: कंस उघडून बंद केला नसेल तर आता ‘हा कंस बंदच झाला नाही’ अशा आशयाचा संदेश येतो आणि उघडलेल्या कंसाची जागा दाखवली जाते, पूर्वी मात्र पुढच्या निरपराध ओळीवर बोट ठेवले जाई. पुढच्या वर्षीच्या ३.११ आवृत्तीत ओळीतला नेमका कोणता भाग चुकला, तेही खुणेने दिसू लागले. आपल्या प्रकल्पाचे संदेश लिहिताना या दोन बदलांचे आधीचे आणि नंतरचे मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. संदेशलेखनाचे शिक्षण त्यात भरपूर आहे.

## चौथी पायरी: मूळ कारण सांभाळा

खालच्या थरातली एरर पकडून वरच्या थराला समजेल अशी नवी एरर फेकणे योग्यच आहे, परंतु तसे करताना जुनी एरर टाकून दिली जाते. ‘बिल तयार करता आले नाही’ एवढेच उरते, आणि त्याखाली डेटाबेसचे कनेक्शन तुटले होते की दरपत्रकाची ओळच नव्हती, हे कायमचे पुसले जाते. पीएचपीत एक्सेप्शनच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये आधीची एरर देता येते, पायथनमध्ये ‘रेझ’ला ‘फ्रॉम’ जोडता येते, आणि जावास्क्रिप्टमध्ये २०२२च्या मानकापासून एररला ‘कॉज’ देण्याची सोय आहे. पायथन ३.११मध्ये तर पकडलेल्या एररला ‘ॲड_नोट’ने जादा टीप चिकटवून तीच पुढे सोडता येते, म्हणजे ‘दूध संस्था अमुक, बिलाचा कालावधी तमुक’ एवढी माहिती नवा क्लास न लिहिता जोडली जाते. पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मूळ प्रकल्पात घ्यावा अशा विनंतीत) एवढीच दुरुस्ती दहा-बारा ठिकाणी केली तरी प्रकल्पाला तिचा मोठा फायदा होतो, आणि कोणाचा विरोधही होत नाही.

## पाचवी पायरी: दोन क्रमांक द्या

तिघांना तीन वेगळे संदेश दिल्यावर ते एकमेकांशी जोडायचे कसे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी दोन क्रमांक लागतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिला एररच्या प्रकाराचा कोड, उदाहरणार्थ ‘डीएस-२०३: फॅट संख्या नाही’. हा आवृत्ती बदलली तरी बदलत नाही, त्याच्या नावाने कागदपत्रांत एक पान असते, आणि संदेशाचा मजकूर किंवा भाषा बदलली तरी शोध घेता येतो. नोड.जेएसने (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाने) आपल्या एररना असे स्थिर कोड दिले त्यामागे हेच कारण होते: लोक संदेशाचे शब्द जुळवून कोड लिहीत, त्यामुळे संदेशातली साधी व्याकरणाची दुरुस्तीही मोठ्या आवृत्तीशिवाय करता येत नसे. दुसरा क्रमांक त्या एका घटनेचा. प्रत्येक विनंतीला सर्व्हरने एक वेगळा क्रमांक द्यावा, तो लॉगच्या (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदवहीच्या) प्रत्येक ओळीत यावा आणि पडद्यावर संदेशाखाली लहान अक्षरांत दिसावा. फोनवर वाचून दाखवायचा असल्याने तो आठ अक्षरांहून मोठा नसावा, आणि शून्य व ओ, एक व आय अशी सारखी दिसणारी चिन्हे त्यात नसावीत. छत्तीस अक्षरी यूयूआयडी (संगणकाने बनवलेला लांबलचक क्रमांक) फोनवर सांगायला लावणे हा सचिवांवर अन्याय आहे.

एपीआयमधून (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याच्या वाटेने) एरर पाठवायची असेल तर स्वतःचा नवा आराखडा न काढता ‘प्रॉब्लेम डिटेल्स’ हे मानक वापरावे. २०१६मधील आरएफसी (इंटरनेट मानकांचा दस्तऐवज) ७८०७ची जागा २०२३मध्ये आरएफसी ९४५७ने घेतली आहे. त्यात टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल आणि इन्स्टन्स असे पाच घटक ठरवून दिले आहेत. वरचा प्रकाराचा कोड टाइपमध्ये आणि घटनेचा क्रमांक इन्स्टन्समध्ये बसतो, आणि फॅटचा रकाना, मिळालेले मूल्य अशी आपली जादा माहितीही त्यात घालता येते. सोबत एचटीटीपीचे स्टेटस खरे द्यावे. आत एररचा मजकूर आणि वर २०० (म्हणजे ‘सगळे ठीक’) असे उत्तर पाठवणारे प्रकल्प आजही पुष्कळ आहेत. त्यामुळे सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या साधनांना सगळे आलबेल दिसते. मूल्य चुकले असेल तर ४२२, तीच नोंद दुसऱ्यांदा येत असेल तर ४०९, आणि सर्व्हर थोड्या वेळासाठी बंद असेल तर ५०३ द्यावे, व त्याच्यासोबत किती सेकंदांनी पुन्हा यावे हे सांगणारा ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर जोडावा.

## सहावी पायरी: लॉग

पडद्यावरून काढून घेतलेला तपशील लॉगमध्ये पूर्ण गेला पाहिजे. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर ‘डिस्प्ले_एरर्स’ बंद आणि ‘लॉग_एरर्स’ चालू ठेवावे. पीएचपी जगतात लॉगसाठी पीएसआर-३ हा सर्वमान्य करार आहे. त्यातल्या आठ पातळ्या सिसलॉग या सर्व्हरच्या नोंदींच्या मानकाच्या आरएफसी ५४२४मधून घेतलेल्या आहेत. नवा लॉगर लिहिण्याऐवजी हा करार पाळणारे मोनोलॉगसारखे पॅकेज घ्यावे. संदेशाचे वाक्य कायम ठेवावे आणि बदलणारी मूल्ये वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये द्यावीत. ‘सभासद ११७चे फॅट चुकले’ असे लिहिले तर हजार सभासदांच्या हजार वेगळ्या एरर दिसतात, तर ‘सभासदाचे फॅट संख्या नाही’ हे वाक्य आणि शेजारी सभासद क्रमांक असे लिहिले तर एकच एरर हजार वेळा दिसते, आणि सेंट्री किंवा ग्लिचटिपसारख्या एरर गोळा करणाऱ्या साधनांना तिची मोट बांधता येते.

मराठी डेटामुळे लॉगरच कोसळण्याचा एक प्रकार सांगण्यासारखा आहे. ‘कोल्हापूर’ हे २७ बाइटचे नाव कुणी तरी ‘सबस्ट्र’ने २० बाइटवर कापले, तर सहा खुणा पूर्ण राहतात आणि सातवीचे दोनच बाइट उरतात. असा तुटका मजकूर ‘जेसन_एनकोड’ला दिला की ते ‘फॉल्स’ परत करते, आणि हाताने लिहिलेल्या लॉगरमध्ये त्या जागी रिकामी ओळ छापली जाते. म्हणजे नेमकी ज्या घटनेची माहिती हवी, तिचीच ओळ कोरी. यासाठी कापण्याचे काम ‘एमबी_सबस्ट्र’ने करावे, आणि लॉगरमध्ये तुटके बाइट बदलून पुढे जाण्याचा पर्याय चालू ठेवावा. युनिकोड एस्केप न करण्याचा पर्यायही लावावा, नाही तर सगळी मराठी नावे उलट्या तिरक्या रेषा आणि आकड्यांच्या रूपात दिसतात व शोधाला सापडत नाहीत. स्टॅक ट्रेसमध्येही (एरर कोणकोणत्या फंक्शनमधून येऊन घडली या यादीतही) अशीच एक खोच आहे: पीएचपी आर्ग्युमेंटमधला मजकूर मूळ सेटिंगमध्ये १५ बाइटवर कापते, म्हणजे देवनागरीच्या पाच खुणा. त्यामुळे महत्त्वाचे मूल्य ट्रेसमध्ये सापडेल या भरवशावर राहू नये.

गुपितांबाबत कडक राहावे. पासवर्ड, आधार क्रमांक, बँक खाते यांपैकी काहीही लॉगमध्ये जाता कामा नये. पीएचपी ८.२मध्ये फंक्शनच्या पॅरामीटरवर ‘सेन्सिटिव्ह पॅरामीटर’ अशी खूण करता येते आणि मग ट्रेसमध्ये ते मूल्य झाकले जाते. पायथनमधल्या जँगो या वेब फ्रेमवर्कचे डीबग पान नावात ‘पासवर्ड’, ‘टोकन’, ‘सीक्रेट’ असलेली सेटिंग आपोआप झाकते, पण आपण ‘पीडब्ल्यूडी१’ असे नाव ठेवले तर त्याला ते कळत नाही. लॉगची फाईल वेबवरून उघडता येईल अशा फोल्डरात ठेवू नये. वर्डप्रेसमध्ये डीबग लॉग चालू केला की फाईल मूळ सेटिंगनुसार ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरात पडते आणि सर्व्हरची मांडणी ढिली असेल तर कोणालाही वाचता येते, २०१९च्या ५.१ आवृत्तीपासून तिचा मार्ग बदलता येतो, तो बदलावाच. लॉग किती दिवस ठेवायचे हेही ठरवून टाकावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस ठेवणे अपेक्षित आहे, त्यामुळे आठवड्याला लॉग पुसणारे स्क्रिप्ट आंधळेपणाने चालू ठेवू नये.

## ब्राउझरची बाजू

पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की शिरोळ, हातकणंगले, करवीर भागांतल्या गावांत वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे होते. अशा वेळी ‘सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही’ आणि ‘सर्व्हरने नाकारले’ यांतला फरक संदेशात दिसणे फार गरजेचे असते. जावास्क्रिप्टचे ‘फेच’ केवळ पहिल्या प्रकारात अपयशी ठरते. सर्व्हरने ४२२ किंवा ५०० दिले तरी ते यशस्वी समजते, म्हणून उत्तराचा ‘ओके’ हा गुण तपासलाच पाहिजे. नेट नसल्याची एररही प्रत्येक ब्राउझर वेगळ्या शब्दांत सांगतो: क्रोममध्ये ‘फेल्ड टू फेच’, सफारीमध्ये ‘लोड फेल्ड’, फायरफॉक्समध्ये आणखी तिसरेच. हे शब्द जसेच्या तसे पडद्यावर नेऊ नयेत आणि त्यांच्याशी मजकूर जुळवून निर्णयही घेऊ नयेत. उत्तर येण्याआधीच लाइन तुटली तर नोंद पोचली की नाही हे ब्राउझरला सांगताच येत नाही. तेव्हा तसे प्रामाणिकपणे लिहावे, आणि पुन्हा पाठवताना तीच नोंद दोनदा होऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच एक क्रमांक देऊन सर्व्हरवर तो तपासावा.

ब्राउझरमधल्या एरर सर्व्हरकडे गोळा करताना लॉगमध्ये नुसते ‘स्क्रिप्ट एरर’ असे येऊ लागले, तर स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येत आहे असे समजावे. स्क्रिप्टच्या टॅगला ‘क्रॉसओरिजिन’ लावावे आणि त्या डोमेनने परवानगीचा हेडर द्यावा, म्हणजे खरा संदेश मिळतो. नोडवर चालणाऱ्या भागात अपयशी ठरूनही न पकडलेले प्रॉमिस (नंतर पूर्ण होणाऱ्या कामाचे जावास्क्रिप्टमधले वचन) २०२०च्या १५व्या आवृत्तीपासून सबंध प्रोसेस बंद पाडते. ते टाळण्यासाठी सर्वांत वर एक सरसकट पकडणारा कोड घालून गप्प बसण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास आपण पुन्हा दुसऱ्या पायरीवर येऊन पडतो.

## मराठी संदेश

वापरणाऱ्याचा संदेश मराठीत, लॉग इंग्रजीत आणि कोड दोन्हीकडे एकच, ही विभागणी व्यवहारात टिकते. लॉग मराठीत लिहिला तर जगभरातल्या इतर योगदानकर्त्यांना तो वाचता येत नाही, आणि पडद्यावर इंग्रजी ठेवले तर सचिवांना. भाषांतराच्या फायलीत वाक्याचा सांगाडा देऊन मध्ये नाम भरण्याची पद्धत मराठीला मानवत नाही: फाईल सापडली नाही, फोल्डर सापडला नाही, पान सापडले नाही, क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी संपूर्ण वाक्य वेगळे ठेवण्याची विनंती प्रकल्पाकडे करावी. हिंदी, गुजराती भाषांतरकारही धन्यवाद देतील.

## एररच्या टेस्ट

यशाच्या वाटेला टेस्ट असतात, अपयशाच्या वाटेला क्वचितच. पीएचपीयुनिट या टेस्टच्या साधनात अमुक प्रकारचे एक्सेप्शन अमुक कोडसह आलेच पाहिजे, अशी टेस्ट लिहिण्याची सोय आहे. तिच्यात कोड तपासावा, सबंध वाक्य तपासू नये, नाही तर स्वल्पविराम बदलला तरी टेस्ट पडते. देवनागरी अंक, रिकामा रकाना, दोन ठिपके, तुटका यूटीएफ-८ मजकूर, बंद पडलेला डेटाबेस, भरलेली डिस्क, एवढे प्रसंग तरी टेस्टमध्ये असावेत. डिस्क भरली असताना लॉगर काय करतो हे कोणी पाहत नाही. लॉग लिहिता आला नाही म्हणून दूध नोंदणीच थांबावी असे होता कामा नये.

## प्रकल्पाकडे बदल पाठवताना

स्वतःच्या प्रतीत हे सारे करून थांबणे सोपे असते, पण मग दर नव्या आवृत्तीला तीच दुरुस्ती नव्याने करत बसावे लागते. आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची तक्रार-नोंद) उघडावा आणि त्यात पहिल्या पायरीतला तक्ता जोडावा. मोठ्या भाषणापेक्षा ‘आज काय दिसते’ आणि ‘काय दिसायला हवे’ असे दोन मजकूर एकाखाली एक दिले की मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) लगेच कळते. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच प्रकारचा बदल ठेवावा: एकात मूळ कारण जोडणे, दुसऱ्यात कोड देणे, तिसऱ्यात संदेशांचे शब्द. सगळे एकत्र बांधून पाठवलेला तीन हजार ओळींचा बदल तपासायला कोणालाही वेळ नसतो आणि तो तसाच पडून राहतो. ओपन सोर्सचे मेंटेनर बहुतेक करून आपल्या फावल्या वेळात हे काम करत असतात, हे लक्षात ठेवून आठवणीचे निरोपही बेताने पाठवावेत.

इश्यू नोंदवणाऱ्यांसाठी प्रकल्पात नमुना अर्ज नसेल तर तोही सुचवावा. त्यात घटनेचा क्रमांक, एररचा कोड, सॉफ्टवेअर आणि पीएचपीची आवृत्ती, आणि चूक पुन्हा घडवण्याची कृती एवढेच विचारावे. वीस प्रश्नांचा अर्ज कोणी भरत नाही. त्याहून चांगले म्हणजे सॉफ्टवेअरनेच ही माहिती गोळा करून एका बटणावर कॉपी करून द्यावी. वर्डप्रेसच्या ‘साइट हेल्थ’ पानावर अशी सोय २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून आहे आणि तिची रचना पाहून घेण्यासारखी आहे. अशा माहितीत गुपिते येत नाहीत ना, हे मात्र स्वतः एकदा कॉपी करून, वाचून पाहावे.

एक बाब मेंटेनरशी आधीच बोलून घ्यावी. आजवर मुकाट्याने शून्य देणारे फंक्शन उद्यापासून एक्सेप्शन फेकू लागले, तर त्यावर विसंबून असलेले दुसऱ्यांचे कोड मोडतात. तांत्रिकदृष्ट्या आपली बाजू बरोबर असली तरी हा बदल मोडणाराच आहे. म्हणून पुढच्या लहान आवृत्तीत जुने वर्तन ठेवून केवळ डेप्रिकेशनची सूचना लॉगमध्ये द्यावी, नवे कडक वर्तन सेटिंगने चालू करता यावे, आणि मोठ्या आवृत्तीत ते मूळ वर्तन व्हावे. बदलांच्या नोंदवहीत कोणत्या कोडचे वर्तन कसे बदलले, ते एकेका ओळीत लिहावे. ज्यांच्या सर्व्हरवर हे पॅकेज प्रत्यक्ष चालू आहे त्यांनी कडक सेटिंग आधी एकाच संस्थेवर चालू करून एक पूर्ण बिलाचा कालावधी लॉग पाहावा, जुन्या नोंदींत शून्य फॅट किती आहेत ते शोधून सचिवांकडून दुरुस्त करून घ्यावे, आणि बाकीच्या संस्थांची आवृत्ती बिल वाटून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बदलावी, बिलाच्या आदल्या दिवशी नव्हे.